लेदर जॅकेट : विकायचं दोन महिने, सांभाळायचं दहा महिने



व्हिडिओत जॅकेट हातात घेऊन दाखवलं होतं, पण साठवणीचा भाग घाईत उरकला. बऱ्याच जणांनी "सर, हे सगळं एकदा लिहून द्या, दुकानात चिकटवून ठेवतो" असं सांगितलं. म्हणून हा धडा सविस्तर लिहितोय. सावकाश वाचा, वही जवळ ठेवा.

हा धडा तिघांसाठी आहे. एक, ज्यांचं कापडाचं किंवा रेडिमेडचं दुकान आहे आणि हिवाळ्यात चार-दहा जॅकेटं ठेवतात. दोन, ज्यांची लाँड्री किंवा इस्त्रीचं दुकान आहे. तीन, ज्यांच्याकडे भांडवल कमी आहे, पण हाताला काम आणि डोक्याला शिस्त आहे, आणि जे एखादी छोटी सेवा सुरू करायच्या विचारात आहेत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे लेदर जॅकेट अंगावर घालून फारसं खराब होत नाही. ते ठेवून खराब होतं. थंडी खरी दोन-अडीच महिने. उरलेले दहा महिने जॅकेट ट्रंकेत, माळ्यावर नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत पडून असतं, आणि नुकसान तिथेच होतं. दुकानदाराच्या बाबतीत हे नुकसान म्हणजे अडकलेलं भांडवल सडणं. गिऱ्हाइकाच्या बाबतीत, त्यानं हौसेनं घेतलेली एकुलती एक महागडी वस्तू वाया जाणं. ही साठवण ज्याला नीट जमली, त्याचा तोटा थांबतो आणि वर एक सेवाही विकता येते.

आपल्या जिल्ह्याचा आणि चामड्याचा संबंध

कुणी म्हणेल, धाराशिवात कुठलं आलंय लेदर जॅकेट? जरा थांबा. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळीच्या एका नामांकित जातीचं नाव आजही 'उस्मानाबादी' आहे. काळीभोर, जुळी देणारी, दुष्काळातही तग धरणारी. आपण तिला मटणासाठी ओळखतो. पण शेळीचं कातडं पातळ असूनही चिवट असतं, आणि कमावल्यावर त्याचे हातमोजे, बॅगा, जॅकेटं होतात. आपण कातडं कच्चं विकतो. ते बाहेर जाऊन कमावलं जातं. मुंबईत धारावीसारख्या ठिकाणी त्या चामड्याच्या वस्तू शिवल्या जातात, आणि वाढलेली किंमत तिकडेच राहते.

आज आपल्या तालुक्याच्या गावात टॅनरी काढा असं मी सांगणार नाही. त्याला पाणी, रसायनं, सांडपाण्याची परवानगी आणि मोठा पैसा लागतो. पण तयार वस्तूची निगा राखणं हेही मूल्यवर्धनच आहे. पुण्यात नोकरीला असलेली पोरं, बुलेटवाले, सुट्टीवर येणारे जवान, कॉलेजची मुलं यांच्याकडे जॅकेटं आहेत. ती सांभाळून द्यायला मात्र गावात कुणी नाही.

पायरी १ : हातात काय आहे ते आधी ओळखा

निगा राखायच्या आधी माल ओळखता आला पाहिजे. बाजारात 'लेदर' म्हणून पाच प्रकारच्या वस्तू येतात.

१. गुळगुळीत, रंगाचा थर दिलेलं लेदर. सर्वात जास्त जॅकेटं याचीच. वर रंगाचा पातळ संरक्षक थर असतो, त्यामुळे पाणी पटकन मुरत नाही. सांभाळायला सोपं.

२. थर न दिलेलं किंवा अगदी हलका थर दिलेलं मऊ लेदर. मेंढीच्या कातड्याची महाग जॅकेटं बऱ्याचदा अशी असतात. पाण्याचा थेंब मुरतो, डाग लगेच बसतो.

३. स्वेड आणि नुबक. हात फिरवला की मखमलीसारखी लव लागते. याला क्रीम लावायचंच नाही. फक्त मऊ ब्रश.

४. बाँडेड लेदर. चामड्याचा भुगा डिंकासारख्या पदार्थानं चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेला. नावात लेदर आहे म्हणून फसू नका.

५. पीयू, म्हणजे ज्याला आपण सरसकट रेग्झिन म्हणतो. हे कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं असतं.

ओळखायचं कसं? खिशाच्या आत किंवा अस्तराच्या शिवणीजवळ जिथे मागची बाजू दिसते तिथे बघा. विणलेलं कापड दिसलं तर पीयू. गुंतलेले बारीक तंतू दिसले तर चामडं. पण एवढ्यावर थांबू नका, कारण चामड्याच्या खालच्या थरावर प्लास्टिक चढवलेला मालही येतो. म्हणून पुढची बाजू दुमडून बघा. खऱ्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि दुमडलेल्या जागी रंगाची छटा जरा बदलते. प्लास्टिकच्या थरावर सुरकुती एकसारखी, ठोकळ पडते.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. पाण्याचा थेंब टाकून खरं-खोटं कळत नाही. थर दिलेल्या खऱ्या चामड्यावरूनही पाणी ओघळतं. थेंबावरून फक्त वरचा थर उघडा आहे की बंद, एवढंच कळतं. आणि काडी लावून बघायची पद्धत गिऱ्हाइकाच्या मालावर कधीच वापरू नका. वासावरही विसंबू नका, वास फवारूनही आणता येतो.

हे ओळखणं एवढं महत्त्वाचं का? कारण पीयूचं आयुष्यच वेगळं असतं. हवेतली ओल पॉलियुरेथेनची साखळी हळूहळू तोडते. न घालता नुसतं पेटीत ठेवलं तरी काही वर्षांत थर चिकट होतो, मग पोपडे निघतात. गिऱ्हाईक म्हणतं, "एकदाच घातलं हो, तरी सोललं." त्याचं म्हणणं खरं असतं. यावर कुठलंही क्रीम चालत नाही. हे माहीत नसताना तुम्ही असं जॅकेट 'लेदर' म्हणून सांभाळायला घेतलं, तर सोललेला माल तुमच्या गळ्यात पडतो.

पायरी २ : घरचं तेल जॅकेटला का चालत नाही

"चामड्याला तेल लावावं" हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. हे ज्ञान खोटं नाही, फक्त ते वेगळ्या चामड्याचं आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांची विहिरीवरची चामड्याची मोट आठवा, किंवा कोल्हापुरी चप्पल घ्या. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा बंद थर नसतो. ते जाड, उघडं असतं, आणि कडक पडलं की तेल पिऊन मऊ होतं. म्हणून चपलेला तेल लावायची पद्धत पडली.

आता हलगी घ्या. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकतात, कारण दमट हवेत कातडं ढिलं पडतं आणि शेकलं की ताणलं जातं. पण हलगीचं कातडं कमावलेलं नसतं, ते वाळवलेलं कच्चं कातडं असतं.

जॅकेटचं चामडं या दोन्हींपेक्षा वेगळं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात आणि मऊपणासाठी त्यात कारखान्यातच तेलाचं मिश्रण मुरवतात. ही क्रोम पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्यवहारात आली. जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, आणि वर रंगाचा थर.

अशा जॅकेटला खोबरेल किंवा करडईचं तेल चोपडलं तर काय होतं? रंग काळपट पडतो. धूळ चिकटते. काही महिन्यांनी तेल खवट होऊन वास सुटतो. आणि तेल-धूळ-ओल हे बुरशीचं आवडतं जेवण आहे. हलगीसारखं शेकलं, म्हणजे भिजलेलं जॅकेट चुलीजवळ, हीटरसमोर किंवा हेअर ड्रायरनं वाळवलं, तर ते आकसतं आणि कडक होतं. ओलं चामडं उष्णतेला फार लवकर हार मानतं.

तेव्हा गिऱ्हाइकाला "तेल लावू नका" एवढंच सांगू नका, कारणही सांगा. मोट, चप्पल आणि हलगीचं उदाहरण दिलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही पटतं, आणि तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

पायरी ३ : आपल्या हवेचा हिशेब

परदेशी व्हिडिओ बघून साठवण करू नका. त्यांची हवा वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे एकाच वर्षात दोन टोकं येतात.

मार्च ते मे : पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठक्क. पत्र्याखालच्या खोलीत तर भट्टीच. चामड्यातली ओल आणि तेल कमी होतं, ते ताठर होतं. याच वेळी खिडकीतून ऊन पडत असेल तर एका खांद्याचा रंग उडतो.

जून ते ऑक्टोबर : पाऊस कोकणासारखा नसला तरी भिंतीला ओल येते आणि बंद खोलीत दमटपणा साचतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाट उघडलं की कुबट वास येतो, तो इशारा समजा.

चामड्यासाठी हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असली की उत्तम. ६० पर्यंत चालून जातं. ६५-७० च्या वर काही दिवस राहिली की बुरशीला आमंत्रण. हे मोजायला हायग्रोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, काही शे रुपयांत. जॅकेटचा धंदा करणाऱ्यानं आधी हे घ्यावं. दुकानात तराजू असतो तसं.

पायरी ४ : साठवण, क्रमाने

१. रिकामं करा. खिशातली नाणी, पेन, बिलं, गुटख्याच्या पुड्या सगळं काढा. खिसे उलटे करून झटका.

२. पुसा. मऊ सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्यानं हलक्या हातानं पुसून घ्या. कॉलर, बाह्यांची टोकं आणि काख इथे जास्त लक्ष द्या. घाम आणि अंगाचं तेल तिथे असतं. साबण, डिटर्जंट, भांड्याचं लिक्विड वापरू नका. चामडं किंचित आम्लधर्मी असतं, साबण त्याच्या उलट स्वभावाचा. स्वेड-नुबकला पाणी नाही, फक्त कोरडा ब्रश.

३. वाळवा. पंख्याच्या हवेत, सावलीत, पूर्ण एक दिवस. वरून कोरडं वाटलं तरी अस्तरात ओल राहते.

४. कंडिशनर. लेदरच्या कपड्यांसाठीचं, रंगहीन. बुटांचं पॉलिश नव्हे. आधी आतल्या बाजूच्या कडेवर नखाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवशी बघा. रंग बदलला नाही तर फडक्यावर थोडंसं घेऊन पातळ लावा, तासाभरानं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. जास्त क्रीम म्हणजे जास्त काळजी, असं नसतं. चेन अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा.

५. रुंद हँगर. खांद्याला आधार देणारा, लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा. तारेच्या हँगरनं खांद्याला टोक पडतं, आणि ते नंतर जात नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवू नका. महिनोन्‌महिने दबलेल्या घडीवर कायमची रेघ पडते, पुढे तिथेच चीर जाते.

६. कापडी कव्हर. मांजरपाटाचं किंवा जुन्या धुतलेल्या सुती चादरीचं शिवून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, माल त्याच पिशवीत आला असला तरी. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही.

७. जागा. बाहेरच्या भिंतीला लागून नको, पत्र्याखाली नको, मोरीच्या शेजारी नको. जमिनीपासून फूटभर वर. दोन जॅकेटांमध्ये चार बोटं अंतर. गडद आणि फिकट रंग एकमेकांना चिकटवू नका, रंग लागतो.

८. ओल शोषणारं. सिलिका जेल घ्या, रंग बदलणारं. रंग बदलला की लेबलवर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतं. किती ठेवायचं? हायग्रोमीटर सांगेल. ६० च्या वर गेलं तर वाढवा. आणि महत्त्वाचं : पावसाळा संपला की काढून ठेवा. मे महिन्यात कपाटात सिलिका जेल ठेवणं म्हणजे तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढणं.

९. डांबर गोळ्या नकोत. तो वास चामड्यात बसला की महिनोन्‌महिने निघत नाही, आणि असं जॅकेट कुणी विकत घेत नाही. झुरळं, कसर यांच्यासाठी कपाट स्वच्छ ठेवणं आणि महिन्यातून एकदा उघडून बघणं हाच उपाय.

वर्षाचं कॅलेंडर

आपल्या सणांवर बसवून देतोय, म्हणजे लक्षात राहील.

महाशिवरात्र : थंडी शिव-शिव म्हणत जाते, असं आपण म्हणतो. त्याच आठवड्यात पुसणं, वाळवणं, कंडिशनर, कव्हर.

अक्षय्य तृतीया : एकदा उघडून बघा. ताठर वाटलं तर अगदी हलका हात कंडिशनरचा.

मृग लागायच्या आत : सिलिका जेल ठेवा, भिंतीची गळती तपासा.

पोळा ते नवरात्र : सर्वात धोक्याचा काळ. आठवड्यातून एकदा, कोरडा दिवस बघून, कपाटाचं दार दोन-तीन तास उघडं. प्रत्येक जॅकेटची कॉलर आणि काख डोळ्यांनी तपासा.

दिवाळीच्या आधी : बाहेर काढा, सावलीत हवा द्या, दुकानात लावा.

काही बिघडलं तर

पावसात भिजलं : कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, घासू नका. रुंद हँगरवर, खिसे रिकामे करून, सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर पातळ कंडिशनर.

पांढरी बुरशी आली : ते जॅकेट लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि दुकानाबाहेर मोकळ्या हवेत मऊ ब्रशनं झटका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी आतल्या कडेवर चाचणी करून, फडक्यानं पुसा. अल्कोहोलनं काही रंग उतरतात, म्हणून चाचणी सोडू नका. नंतर सावलीत वाळवा. अस्तरात बुरशी शिरली असेल तर ते काम स्वतः करू नका.

तेलाचा डाग : पाणी लावू नका. खडूची पूड किंवा टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. कमी होतं, पूर्ण जाईलच असं नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

सुरकुत्या : हँगरवर काही दिवस लटकवलं की बऱ्याच जातात. इस्त्री लावायची घाई नको.

लाँड्रीवाल्यांसाठी खास : लेदर जॅकेट साध्या ड्रायक्लीनच्या मशिनमध्ये टाकू नका. तिथलं द्रावण डागाबरोबर चामड्यात मुरवलेलं तेलही काढून घेतं, आणि जॅकेट पुठ्ठ्यासारखं होतं. मोठ्या शहरात फक्त लेदरचं काम करणारे असतात. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, भाव ठरवा, आणि कमिशनवर माल पाठवा.

आता पैशाचं बोलू

पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावच्या भावानं पुन्हा मांडा.

समजा हंगाम संपताना दुकानात १२ लेदर जॅकेटं उरली, खरेदी किंमत प्रत्येकी २,८०० रुपये. म्हणजे ३३,६०० रुपये अडकले. साठवणीचा खर्च :

रुंद हँगर १२ × १२० = १,४४०
सुती कव्हर १२ × ९० = १,०८०
हायग्रोमीटर = ४००
सिलिका जेल = ३००
कंडिशनर = ५००
एकूण ३,७२० रुपये. जॅकेटमागे ३१०.

यातली दोनच जॅकेटं बुरशीनं गेली असती तर ५,६०० चा तोटा होता. म्हणजे पहिल्याच वर्षी खर्च निघतो. पुढच्या वर्षी हँगर, कव्हर, मीटर तेच, खर्च जवळपास कंडिशनरपुरता.

पण पीयूचा माल? तो साठवू नका. हंगाम संपायच्या आत सूट देऊन विकून टाका. ओल त्याला आतून खात असते, तुम्ही कितीही जपलं तरी. लेदर सांभाळायचं, पीयू काढायचं : उरलेल्या मालाबाबत हा एक नियम पाळलात तरी या धड्याचं सार्थक झालं.

आता सेवेचं. समजा तुम्ही 'पावसाळी सांभाळ' म्हणून एका जॅकेटचे ४०० रुपये घेता : पुसणं, कंडिशनर, कव्हर, जून ते ऑक्टोबर जपणं. कव्हर गिऱ्हाइकाला परत जातं. कंडिशनर ३० आणि कव्हर ९० धरले तर जॅकेटमागे १२० खर्च, हातात २८०. तीस जॅकेटं आली तर ८,४०० रुपये, तेही ज्या महिन्यांत कापडाचं दुकान थंड असतं तेव्हा. सगळं मिळून जॅकेटमागे तासभर मेहनत धरा.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाइकाचं ८,००० रुपयांचं एक जॅकेट तुमच्याकडे खराब झालं, तर आख्ख्या हंगामाची कमाई गेली. म्हणून या धंद्यात कौशल्याइतकंच कागदाला महत्त्व आहे.

माल ताब्यात घेताना

"मालाची जबाबदारी मालकावर राहील" अशी पाटी लावून सुटका होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावीच लागते. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहेच. पीयू हे 'प्युअर लेदर' सांगून विकणं त्यात दिशाभूल ठरू शकतं. म्हणून विकतानाही बिलावर 'पीयू' असेल तर 'पीयू' लिहा.

प्रत्येक जॅकेटचं एक कार्ड बनवा. त्यात :

• तारीख, अनुक्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव
• प्रकार : लेदर, स्वेड की पीयू
• आधीपासून असलेले ओरखडे, डाग, उसवलेली शिवण
• गिऱ्हाइकानं सांगितलेली किंमत
• काय काम करायचं, किती पैसे, परत कधी
• दोघांच्या सह्या

गिऱ्हाइकासमोरच चार फोटो काढा : पुढून, मागून, कॉलर, अस्तर. त्याच्या व्हॉट्सअॅपवर तिथल्या तिथे पाठवा. पाच मिनिटं जातात, पण पुढचं भांडण वाचतं. "दादा, हा ओरखडा आधीचा आहे, बघून घ्या" हे माल घेतानाच सांगितलं तर गिऱ्हाईक हसून मान डोलावतं. तेच तीन महिन्यांनी सांगितलं तर आवाज चढतो.

दुकानाचा विमा असेल तर एजंटला स्पष्ट विचारा : दुसऱ्याचा, सांभाळायला घेतलेला माल यात धरलाय का? बहुतेकदा पॉलिसी स्वतःच्या स्टॉकची असते आणि असा माल वेगळा नोंदवून घ्यावा लागतो.

आणि नाही म्हणायला शिका. सोलायला लागलेलं पीयू, बाँडेड, अस्तरात बुरशी असलेलं, डाग पडलेलं फिकट स्वेड हे सुरुवातीला घेऊच नका. "हे माझ्याच्यानं होणार नाही" असं सांगणाऱ्याकडेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी चांगला माल घेऊन येतं.

जोडीदार कोण

उसवलेली शिवण, तुटलेली चेन, फाटलेला खिसा ही कामं येणारच. त्यासाठी गावातल्याच चर्मकार कारागिराला जोडून घ्या. चामड्याला सुई कुठे घालायची, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. साध्या शिलाई मशिनवर केलेलं प्रत्येक चुकीचं भोक चामड्यावर कायम राहतं. कामाचा दर आधी ठरवा, पैसे रोख आणि वेळेवर द्या, आणि त्याचं श्रेय गिऱ्हाइकाला सांगा. त्यांना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचीही माहिती द्या. त्यातल्या १८ व्यवसायांत पादत्राणं बनवणारे कारागीर आहेत, आणि प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत व कमी व्याजाचं कर्ज अशी तरतूद आहे. तुम्ही स्वतः सेवा सुरू करत असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातलं किंवा मित्राचं एक जॅकेट घ्या आणि पाचपैकी कुठला प्रकार ते ओळखा. कारण वहीत लिहा.

२. तुमच्या दुकानातल्या किंवा घरातल्या तीन जागी हायग्रोमीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आठ दिवस आकडे टिपा. साठवणीची जागा त्यावरून ठरवा, सोयीवरून नको.

३. ओळखीच्या दहा जणांना विचारा : तुमचं जॅकेट आत्ता कुठे आहे? उत्तरं लिहून ठेवा. माळा, ट्रंक, प्लास्टिकची पिशवी, "आठवत नाही" अशी उत्तरं आली की तुमचा बाजार किती मोठा आहे ते कळेल.

४. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नमुना एका पानावर तयार करा.

सुरुवात घरच्या एका जॅकेटपासून करा. एक पावसाळा ते नीट सांभाळून बघा, मगच दुसऱ्याच्या मालाला हात लावा. पुढच्या धड्यात आपण हंगाम संपताना उरलेल्या मालावर सूट किती आणि कधी द्यायची, ते बघू. तोवर नोंदी ठेवा, हिशेब ठेवा.

भेटू पुढच्या धड्यात.